तिसऱ्या घंटेआधीची वाट

१८५३ साली मुंबईत दोन घटना महिना-सव्वा महिन्याच्या अंतराने घडल्या. मार्चमध्ये सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने ग्रँट रोडवरच्या नाट्यगृहात मराठी नाटक केले, आणि १६ एप्रिलला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी आणि २१ मैलांचा पल्ला. इतिहासाच्या पुस्तकांत पहिली घटना रंगभूमीच्या प्रकरणात सापडते आणि दुसरी दळणवळणाच्या. पण दोन्हींच्या मागे गिरगावातला एकच माणूस उभा आहे. ग्रँट रोडच्या नाट्यगृहासाठी जमीन देणारे जगन्नाथ शंकरशेट हेच आगगाडी मुंबईत यावी म्हणून १८४५ पासून खटपट करत होते, आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या पहिल्या संचालकांतही ते होते. नाटक आणि नाटकाला नेणारे वाहन असे एकाच घरच्या आश्रयाने वाढले, हे ध्यानात ठेवून आपण या वाटेला लागू. रंगभूमीचा इतिहास आपण एरवी नटांच्या आणि नाटककारांच्या नावांनी सांगतो. प्रेक्षक घरून निघून आपल्या खुर्चीपर्यंत कसा पोचला, कोणाला पोचता आले आणि कोण दाराबाहेर राहिले, हा त्याच इतिहासाचा दुसरा निम्मा भाग आहे. मुंबईच्या मध्यवस्तीत, बोरीबंदरपासून ग्रँट रोडपर्यंतच्या दोन-तीन मैलांत, तो जवळजवळ अडीचशे वर्षे सलग पाहता येतो.

आरंभ १७७६ सालचा. आज जिथे हॉर्निमन सर्कलची बाग आहे त्या परिसरात तेव्हा मोकळे मैदान होते. त्याला बॉम्बे ग्रीन म्हणत. त्या मैदानावर लोकवर्गणीतून इंग्रजांनी एक नाट्यगृह उभारले. बॉम्बे थिएटर हे त्याचे नाव. ते किल्ल्याच्या तटबंदीच्या आत होते, आणि तटाला अपोलो, चर्च आणि बाजार असे तीन मुख्य दरवाजे होते. नाटक पाहणारे गोरे अधिकारी, व्यापारी आणि त्यांची कुटुंबे बहुतेक तटाच्या आतच राहत. पालखीतून किंवा घोडागाडीतून चार वळणे घेतली की नाट्यगृह येई. तटाबाहेर, मैदानापलीकडे, गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर अशी एतद्देशीयांची वस्ती वाढत होती. तिच्यासाठी हे नाट्यगृह नव्हतेच. प्रवेश कोणाला, या प्रश्नाचे उत्तर तिथे कुठल्या फलकावर लिहावे लागत नसे. भाषा, पैसा आणि तट या तिघांनी ते आधीच दिलेले होते. तरीही ते नाट्यगृह कधी नीट चालले नाही. कर्ज वाढत गेले आणि १८३५ मध्ये इमारत विकून देणी फेडावी लागली. ती विकत घेतली सर जमशेटजी जीजीभाई यांनी.

विक्रीतून देणी भागवून उरलेली रक्कम सरकारी खजिन्यात पडून होती. १८४० च्या सुमारास मुंबईतल्या प्रतिष्ठितांनी गव्हर्नरकडे अर्ज केला, की तिच्यातून नवे नाट्यगृह बांधावे. जागा मात्र किल्ल्यात मिळाली नाही. ती मिळाली शंकरशेटांच्या जमिनीत, आणि तीही ग्रँट रोडवर. हा रस्ता तेव्हा अगदी नवा होता. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचा, शहराच्या उत्तरेकडच्या कडेने जाणारा. १८४६ मध्ये नाट्यगृह उघडले, आणि किल्ल्यातल्या इंग्रज प्रेक्षकांनी कुरकुर सुरू केली. लांब पडते, रस्ता नीट नाही, भोवतालची वस्ती आपली नाही. त्या तक्रारी आज वाचताना एक गोष्ट लख्ख दिसते. नाट्यगृह दूर गेले नव्हते. ते एकापासून दूर आणि दुसऱ्याच्या जवळ गेले होते. खेतवाडी, गिरगाव, फणसवाडी, ठाकूरद्वार इथल्या माणसाला ते आता पायी गाठता येत होते. मुंबईच्या रंगभूमीची सगळ्यात मोठी उलथापालथ एका रिकाम्या भूखंडाच्या पत्त्याने झाली, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही. इंग्रज प्रेक्षक रोडावला तेव्हा नाट्यगृह चालवायचे तर जवळच्या वस्तीकडे वळणे भाग होते. त्या वस्तीत मराठी, गुजराती आणि पारशी माणसे राहत होती.

आता आपण क्षणभर सांगलीकडे वळू. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीच्या राजवाड्यात झाले. प्रेक्षक कोण होते? सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन, त्यांचे मानकरी, आश्रित, निमंत्रित. राजाश्रयाच्या नाटकाला तिकीट नसते. तिथे आमंत्रण असते, आणि आमंत्रण सगळ्यांना नसते. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय संपला आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले. सांगलीहून मुंबईची वाट तेव्हा बैलगाड्यांची होती, आणि बोरघाट उतरल्यावर पनवेलच्या बाजूने पाण्यातून पुढे यायचे. राक्षसांचे मुखवटे, मुकुट, पेटारे आणि माणसे एवढे सगळे त्या वाटेने आले. मुंबईत पहिले खेळ खासगी जागेत झाले आणि मग ग्रँट रोडच्या नाट्यगृहात. तिथे तिकीट होते. ही साधी बाब आपण सहज ओलांडून जाऊ नये. पैसे भरील तो आत, हा नियम आज कोरडा वाटतो. त्या काळी तो सोवळेओवळे, मानपान, पंगतीतली जागा या सगळ्यांना मागे सारणारा होता. राजवाड्याच्या दरवाज्याशी माणसाचे कूळ पाहिले जाई, तिकीटखिडकीशी त्याच्या हातातले नाणे पाहिले जाऊ लागले. अन्याय दोन्हीकडे होता. पण नाणे कष्टाने मिळवता येते, कूळ येत नाही. त्याच वर्षी, १८५३ च्या ऑक्टोबरात, पारशी नाटक मंडळीही याच रंगमंचावर उभी राहिली.

पुढच्या पंचवीस वर्षांत वाहनांनी नाटकाचा हात धरला. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला आणि पुण्या-मुंबईमधला दिवसांचा प्रवास तासांवर आला. नाटकमंडळ्यांचे फिरते संसार, पडद्यांच्या गुंडाळ्या आणि स्वयंपाकाची भांडी आगगाडीच्या डब्यांत चढली. किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात झाले. तिथले पद मुंबईच्या माणसाच्या ओठी लवकर आले, त्याला ही वाट कारण झाली. इकडे मुंबईत बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ग्रँट रोडपर्यंत आली आणि काही वर्षे तेच तिचे शेवटचे स्थानक होते. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. चर्नी रोड हे स्थानक याच रेषेवरचे. सरकारने चराईवर कर बसवला तेव्हा सर जमशेटजींनी ठाकूरद्वाराजवळ कुरण विकत घेऊन गुरांना मोकळे केले, त्या चरणीवरून हे नाव आले असे सांगतात. बॉम्बे थिएटर विकत घेणारे ते हेच जमशेटजी. एका नाट्यगृहाचा गाशा ज्यांनी गुंडाळला, त्यांच्या कुरणाचे नाव पुढे नाटकाला जाणाऱ्यांच्या उतरण्याच्या स्थानकाला मिळाले.

९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला. तीन आणे भाडे होते, ते पुढे दोन आणे झाले. याआधी ज्याच्याजवळ स्वतःची बग्गी नव्हती त्याला रेकला किंवा शिगराम अशी भाड्याची गाडी ठरवावी लागे, नाहीतर चालत जावे लागे. ट्राममुळे कारकुनाला आणि दुकानातल्या गुमास्त्याला पहिल्यांदा शहराच्या दुसऱ्या टोकाचे नाटक परवडू लागले. याच काळात ग्रँट रोड आणि फॉकलंड रोडच्या आसपास एकामागून एक नाट्यगृहे उभी राहिली: व्हिक्टोरिया, एल्फिन्स्टन, रिपन, बालीवाला. सगळा परिसरच ‘प्ले हाउस’ झाला, आणि लोकांच्या जिभेवर त्याचे ‘पिला हाऊस’ झाले. नाट्यगृहे गेली, चित्रपटगृहे आली, त्यांतलीही कितीतरी बंद पडली, पण नाव अजून आहे. एखाद्या जागेला लोक स्वतःच्या उच्चाराने नाव देतात तेव्हा ती जागा त्यांची झालेली असते.

नाटक रात्री सुरू होई आणि वन्समोअरांच्या बळावर पहाटेपर्यंत चाले. हे लांबणे नुसत्या हौसेचे नव्हते. मध्यरात्री घरी जायला वाहन कुठे होते? दूरच्या प्रेक्षकाला पहिली ट्राम किंवा पहिली गाडी मिळेपर्यंत कुठेतरी बसायचेच होते, तर मग नाट्यगृहातच बसावे. दिवे गेलेल्या रस्त्यावर उभे राहण्यापेक्षा नाट्यपदाच्या आठव्या आवर्तनात बसणे केव्हाही बरे. वाहनांच्या वेळांचा आणि नाटकाच्या लांबीचा संबंध पुढेही सुटलेला नाही. विसाव्या शतकात नाटक तीन तासांवर आले त्याला नव्या लेखनाची दृष्टी कारण होतीच, पण शेवटची लोकल चुकली तर रात्र फलाटावर काढावी लागेल हेही कारण होते. आजही मध्यंतर लांबले की मागच्या रांगांतून घड्याळे पाहिली जातात.

आता आपण दाराच्या आत डोकावू. तिकीट काढून आत आलेले सगळे एकत्र बसत नसत. खुर्च्या, बॉक्स, पिट, गॅलरी असे भाग असत; गॅलरीचा जिना बहुधा वेगळा, उभा आणि बाहेरच्या बाजूने. स्वस्त तिकिटाच्या माणसाने श्रीमंताच्या वाटेत येऊ नये म्हणून त्याला सगळ्यात जास्त पायऱ्या दिलेल्या असत. बायकांसाठी स्वतंत्र जागा असे, आणि त्या काळच्या हँडबिलांवर कुलीन स्त्रियांची व्यवस्था वेगळी असल्याचे छापले जाई. त्या ओळीत जितका मान आहे तितकेच वगळणेही आहे. कारण ज्या स्त्रिया ‘कुलीन’ समजल्या जात नसत त्यांच्यासाठी वेगळा दर आणि वेगळा कोपरा ठरलेला होता. हँडबिल हा आपल्या मागोव्यातला फार मोलाचा कागद आहे. नाटक कोणते, कधी, कुठे एवढेच तो सांगत नाही. कोणी कुठून आत यावे आणि कुठे बसावे हेही सांगतो. पुढे बालगंधर्वांच्या काळात बायका नाटकाला मोठ्या संख्येने येऊ लागल्या, त्यांच्या लुगड्यांची आणि वेणीची तऱ्हा घरोघर उचलली गेली. त्या येऊ शकल्या याला गाण्याची मोहिनी कारणीभूत होती, तशीच घराजवळून मिळणारी आणि उजेडात चालणारी ट्रामही होती.

१९११ साल या वाटेवरचे एक ठळक वळण आहे. १२ मार्चला मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली होती, आणि तरीही त्यांनी तोंडाला रंग लावला. त्याच वर्षाअखेर पंचम जॉर्ज मुंबईत आले आणि गिरगाव चौपाटीच्या मागे उभ्या राहत असलेल्या रॉयल ऑपेरा हाउसचे उद्घाटन झाले. इमारत तेव्हा पुरी व्हायची होती. मुख्य बांधकाम १९१२ मध्ये संपले आणि सजावट पुढे दोन-तीन वर्षे चालली. कल्पना १९०८ ची. कोलकात्यात बस्तान असलेले नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या दलालीचा धंदा करणारे जहांगीर फ्रामजी कराका या दोघांची. बरोक शैली, घुमटाकार छत, ससून घराण्याने दिलेली झुंबरे. बांधणाऱ्यांच्या मनात युरोपातल्या गायक-कंपन्या आणि बग्गीतून उतरणारा साहेब होता. पण इमारत जिथे उभी राहिली ती जागा गिरगावाला लागून होती, आणि १८४६ मध्ये ग्रँट रोडवर जे घडले तेच इथे पुन्हा घडले. लवकरच याच रंगमंचावर बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गाऊ लागले. साहेबासाठी बांधलेले नाट्यगृह पायी येणाऱ्या वस्तीने आपलेसे केले.

त्या वस्तीला आता वाहनेही जोरात मिळत होती. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, १९२० मध्ये दुमजली ट्राम आली, १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली, आणि जानेवारी १९२८ मध्ये पश्चिम रेल्वेच्या पूर्वज कंपनीच्या मार्गावर बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या. ८ जुलै १९२१ ला बालीवाला नाट्यगृहात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले, तेव्हा मुंबईबाहेरूनही माणसे लोटली. आगगाडीशिवाय ती गर्दी कल्पनेतही येत नाही. आणि १९२२ मध्ये परळला दामोदर हॉल उभा राहिला. गिरणगावातल्या कामगाराला पाळी संपवून गिरगावपर्यंत येणे जमत नव्हते, म्हणून नाटक त्याच्या चाळींच्या वस्तीत गेले आणि कामगार रंगभूमीला घर मिळाले. प्रेक्षकाला नाट्यगृहापर्यंत आणण्याचा एक मार्ग वाहन हा असतो. नाट्यगृहच प्रेक्षकाकडे नेणे हा दुसरा. मुंबईने दोन्ही वापरले.

मग पडदा बदलला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्याच कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला होता. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला. नाटकमंडळ्यांवर याचा काय परिणाम झाला ते वेगळे सांगायला नको. १९३५ मध्ये ऑपेरा हाउस चित्रपट व्यावसायिकांच्या ताब्यात गेले. तरी रंगमंच अगदी मुका झाला नाही. १९४४ मध्ये सुरू झालेल्या पृथ्वी थिएटर्सचे प्रयोग तिथे होत, आणि प्रयोग संपल्यावर पृथ्वीराज कपूर झोळी पसरून दाराशी उभे राहत. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी वास्तू विकत घेतली. जवळच केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघाने १९३५ पासून नाटकाचा दिवा तेवत ठेवला होता, डॉ. अ. ना. भालेरावांच्या ध्यासातून १९६४ मध्ये तिथे पक्के नाट्यगृह उभे राहिले. योग असा, की त्याच वर्षी ३१ मार्चच्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली. ज्या वाहनाने गिरगावचा नाट्यरसिक घडवला ते गेले, आणि पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, दादरला शिवाजी मंदिर उघडले.

दादरच का, याचे उत्तर रेल्वेच्या नकाशात आहे. मध्य आणि पश्चिम रेल्वे जिथे भेटतात ते दादर. गिरगावच्या चाळीतली दुसरी पिढी पार्ले, मुलुंड, डोंबिवलीला राहायला गेली होती, आणि तिला दोन्ही मार्गांवरून येता येईल असे एकच ठिकाण होते. त्यानंतर नाट्यगृहे रुळांच्या कडेकडेने वर सरकत गेली: पार्ल्याला दीनानाथ, बोरिवलीला प्रबोधनकार, मुलुंडला कालिदास, ठाण्याला १९७८ मध्ये गडकरी रंगायतन, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले, कल्याणला आचार्य अत्रे, खाडीपलीकडे वाशीला विष्णुदास भावे. भाव्यांना जी वाट बैलगाडीने आणि पाण्यातून पार करावी लागली, तिच्या टोकाशी आज त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. मध्यवस्तीतल्या जुन्या वास्तूंवर मात्र धूळ बसत गेली. ऑपेरा हाउस १९९३ मध्ये बंद पडले. बसच्या पाटीवर आणि हिरे बाजारातल्या बोलण्यात ‘ऑपेरा हाऊस’ हे नाव रोज येत राहिले, आणि ज्या वास्तूचे ते नाव तिचा दरवाजा २३ वर्षे उघडला नाही. वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली तिचा जीर्णोद्धार झाला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दिवे पुन्हा लागले.

आज या भागात नाटकाला किंवा मैफलीला जायचे तर आपण कसे जाऊ? पश्चिम रेल्वेच्या धीम्या लोकलने चर्नी रोडला उतरावे. तिथून ऑपेरा हाउस पाच-सात मिनिटांच्या चालीवर आहे आणि साहित्य संघही जवळच. मध्य रेल्वेने येणाऱ्याने दादरला गाडी बदलावी. स्वतःची गाडी आणणाऱ्याने मात्र हे शहर घोडागाडीच्या मापाने आखले गेले आहे याची आठवण ठेवावी. गिरगावात गाडी उभी करायला जागा शोधण्यात पहिला अंक जातो. आणि ऑक्टोबर २०२५ पासून एक नवी वाट खुली झाली आहे. आरे ते कफ परेड अशी ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो आता पूर्ण धावते, आणि तिची ग्रँट रोड, गिरगाव, काळबादेवी ही स्थानके या सगळ्या इतिहासाच्या बरोबर खालून गेली आहेत. गिरगावात हे भुयार खणताना जुन्या चाळींतल्या कित्येक कुटुंबांनी आपली घरे सोडली, हेही या वाटेच्या हिशेबात धरले पाहिजे.

या मेट्रोत लिफ्ट आहे, जमिनीवर पांढऱ्या काठीला कळतील अशा उठावदार पट्ट्या आहेत आणि चाकाची खुर्ची डब्यात सरळ ढकलता येते. यामुळे आपल्या मागोव्यातला एक प्रेक्षक, जो आजवर कुठल्याच पानावर आला नाही, तो प्रथमच नाट्यगृहाच्या रस्त्यावर येऊन उभा राहिला आहे. पालखी, शिगराम, ट्राम, लोकल यांपैकी प्रत्येकाने कोणाला ना कोणाला नाटकाजवळ आणले. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत, ज्याला दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्याच्या नावाची नोंद मात्र हँडबिलावर कधी झाली नाही. कायद्याने त्याची दखल घेतली ती अगदी अलीकडे. १९९५ च्या कायद्यात सार्वजनिक इमारतींना उतार असावेत असे म्हटले होते, पण संस्थेच्या आर्थिक कुवतीची पळवाट ठेवून. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मान्य केला, भारताने तो २००७ मध्ये स्वीकारला. त्याच्या ३० व्या कलमात नाट्यगृहाचा उल्लेख नाव घेऊन आहे. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुगम्य भारत अभियान सुरू झाले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खासगी मालकीच्या पण लोकांसाठी खुल्या असलेल्या इमारतीही सार्वजनिक मानल्या आणि जुन्या इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की सुगमतेचे नियम हे सल्ल्याच्या स्वरूपाचे असून चालणार नाहीत. ते बंधनकारकच असले पाहिजेत.

जुन्या नाट्यगृहात हे करणे सोपे नाही, हे मान्य केले पाहिजे. जोते रस्त्यापासून सात पायऱ्या उंच असेल, पायरी १५ सेंटिमीटरची धरली, तर चढ १०५ सेंटिमीटरचा होतो. उताराचे मान्य प्रमाण एकास बारा. म्हणजे साडेबारा मीटरहून लांब उतार हवा, आणि मध्ये टेकायला सपाट जागा हवी. गिरगावच्या फुटपाथावर तेवढी जागा सापडत नाही. पण जिथे समोरून उतार बसत नाही तिथे बाजूचे दार असते, छोटे उचलयंत्र बसवता येते, रांगेच्या कडेच्या दोन खुर्च्या काढता येण्याजोग्या करता येतात, सोबत्याला शेजारी जागा देता येते. रंगपटाकडची वाट आणि स्वच्छतागृहाचा उंबरा याच हिशेबात येतात, कारण चाकाच्या खुर्चीतला माणूस फक्त प्रेक्षक असतो असे नाही. तो नटही असतो. ऐकू न येणाऱ्यासाठी संवादांच्या पट्ट्या आणि खुणांची भाषा, न दिसणाऱ्यासाठी कानात सांगितले जाणारे वर्णन या गोष्टींना तर भिंतीची एक वीटही हलवावी लागत नाही. वारसा वास्तू आहे म्हणून बदल नको, असे कोणी म्हणाले तर त्याला हा सगळा मागोवा दाखवावा. गॅसचे दिवे जाऊन वीज आली, पिटातली बाके जाऊन खुर्च्या आल्या, बायकांचा वेगळा कोपरा गेला, वातानुकूलन आले. यातल्या एकाही बदलाने नाट्यगृह बुडाले नाही. प्रेक्षक दाराबाहेर राहिला तेव्हा मात्र ते बुडाले, आणि बॉम्बे ग्रीनवरचे पहिले नाट्यगृह त्याचा पहिला दाखला आहे.

मेट्रोच्या नकाशावर मुंबई सेंट्रलच्या स्थानकाला जगन्नाथ शंकरशेटांचे नाव आहे. दक्षिणेकडे निघाले की त्याच्या पुढचे स्थानक ग्रँट रोड, आणि त्याच्या पुढचे गिरगाव. जमीन देणारा माणूस, जिथे नाट्यगृह झाले तो रस्ता, आणि ज्या वस्तीने ते भरले ती वस्ती, अशी तीन नावे एका रांगेत आली आहेत. भुयारातून वर येणारी लिफ्ट त्या रांगेतले आजचे शेवटचे वाहन आहे. तिथून पुढची सात-आठ पावले आणि सात-आठ पायऱ्या नाट्यगृहाच्या आणि आपल्या हाती आहेत. पूर्वीच्या हँडबिलावर कोणी कुठे बसावे ते छापत असत. आज शनिवार-रविवारच्या नाटकांच्या जाहिरातीत वार, वेळ आणि नाट्यगृहाचे नाव असते. त्यात एका ओळीची भर घालावी अशी नाट्यनिर्मात्यांना आणि व्यवस्थापकांना विनंती आहे: दारापर्यंत पायऱ्या किती, उतार कोणत्या बाजूने, चाकाच्या खुर्चीची जागा कोणत्या रांगेत. आणि वाचकहो, ती ओळ छापली जाईपर्यंत पुढचे तिकीट काढताना खिडकीवर हा प्रश्न आपणच विचारू या. आपल्याला पायऱ्या चढता येत असल्या तरीही विचारू या.